बाबांना कोणी सांगितलं?

१

रविवारी सकाळी पोह्यांची बशी अर्धीच बाजूला सारून शिवराम तांबे यांनी मुलाला विचारलं, "रत्नदीप, माझा कॅन्सर कितव्या स्टेजला आहे रे?"

वर्तकनगरच्या त्या घरात तेव्हा आणखी चार माणसं होती. बायको शांताबाई, मुलगा रत्नदीप, सून माया आणि डोंबिवलीहून आलेली मुलगी अमृता. उत्तर चौघांनाही माहीत होतं. शिवरामकाकांना मात्र सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की स्वादुपिंडाला सूज आहे, औषधानं उतरेल. डॉक्टरांना हात जोडून तसंच बोलायला लावलं होतं आणि सगळे रिपोर्ट अमृताच्या घरी नेऊन ठेवले होते. आपल्याकडे असंच चालतं. ज्याचा आजार त्याला सोडून बाकी सगळ्या मजल्याला तो ठाऊक असतो.

शांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "सांगितलंस शेवटी! झालं तुझं समाधान?"

कारण लपवायचं ठरलं तेव्हा घरात एकटी माया विरोधात उभी राहिली होती. बाबांना कळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे, असं तिनं तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं.

"तिनं नाही सांगितलं," काका म्हणाले.

"मग कोणी?"

"मला कळलं." कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. माया आत गेली, बॅग भरली आणि शहाडला माहेरी निघून गेली.

हे सगळं मला रत्नदीपनं सांगितलं, टेंभी नाक्यावरच्या माझ्या ऑफिसात बसून. मी कल्पिता भोईर, खासगी चौकश्या करते. बहुतेक कामं लग्नाआधीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे ठरलं होतं का, वगैरे. माझी आई वैतागते, "लोकांचे घरान डोकावाचा कसला धंदा गो तुझा!" तिला उत्तर देण्याचं मी कधीच सोडून दिलंय.

बाहेर देवीच्या मांडवाचे बांबू आपटत होते. रत्नदीप मान खाली घालून बोलत होता. "डॉक्टर म्हणतात, दिवाळी बघितली तरी खूप झालं. बाबा रोज विचारतात, माया कधी येणार. मला ती घरी हवीय मॅडम, बाबा आहेत तोवर. पण आई पुराव्याशिवाय ऐकणार नाही."

"आणि तुम्ही?"

त्यानं हातातला मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. मला तिथेच कळलं की पुरावा फक्त आईलाच नको होता.

२

अमृताकडून सुरुवात केली, कारण रडणारी माणसं पटकन बोलतात. डोंबिवलीत तिच्या स्वयंपाकघरात ती भाजी निवडत होती आणि मधूनमधून ओढणीनं डोळे पुसत होती.

"मी फोनवर रडायचे ताई, खोटं कशाला बोलू. बाबा विचारायचे, आवाज असा का? मी म्हणायचे, सर्दी झालीय. पण शब्दानं बोलले नाही. बाबासाहेबांच्या फोटोसमोर सांगायला लावा हवं तर."

"रिपोर्ट?"

"कुलपात. चावी माझ्या गळ्यात."

"त्या रविवारी बाबा अजून काही बोलले? विचारण्याआधी, नंतर?"

तिनं आठवून पाहिलं. "माया गेल्यावर म्हणाले, आणि एक सांगून ठेवतो, मी पुण्याला येणार नाही हां. आम्हाला वाटलं, धक्क्यानं काहीतरी बोलतायत. पुण्याला कोण नेणार होतं त्यांना? आमचे डॉक्टर तर ठाण्यातलेच."

मी तिथूनच रत्नदीपला फोन लावला. "पुण्याचं काय आहे?"

तिकडून आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मॅडम," तो म्हणाला, "पुण्याच्या एका हॉस्पिटलची चौकशी मी केलेली. सेकंड ओपिनियनसाठी. उगाच आशा नको म्हणून कोणाला बोललोच नव्हतो. आईला नाही, अमृताला नाही. मायालाही नाही."

३

म्हणजे ज्यानं काकांना सांगितलं त्याला पुणं माहीत होतं. आणि पुणं फक्त रत्नदीपला माहीत होतं. अशिलानंच केलेला गुन्हा अशिलाच्याच खर्चानं शोधायचा, असे प्रसंग माझ्यावर आले आहेत. मी त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

"चौकशी कशावरून केलीत?"

"घरच्या कॉम्प्युटरवरून. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसवाले बघतात. बाबांच्या आजाराचं तिथे कशाला दाखवू?"

"हॉलमधला? ज्याच्यावर बाबा बसतात?"

त्याच्या चेहऱ्यावर थोडी रागाची छटा आली. तो कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न त्याला लागला असावा. "बाबांना काही दिसू नये याची सगळी सोय केलेली मी. काम झालं की हिस्टरी पुसायचो. आणि जाहिराती मागे लागू नयेत म्हणून ब्राउझरला दोन-दोन टूल लावलीत."

"दोन कशाला?"

"दोघांची कामं वेगळी आहेत. तुम्ही एखादं पान उघडता ना, त्याच्याबरोबर बाहेरच्या कंपन्यांचे छोटे प्रोग्राम येतात, स्क्रिप्ट. पहिलं टूल त्यांना चालूच देत नाही, आपण हो म्हटल्याशिवाय. दुसरं टूल बघतं की एकच कंपनी किती साइटवर आपल्या मागे येतेय. तिला ते ओळखीची खूण, म्हणजे कुकी, ठेवू देत नाही आणि वाचूही देत नाही. पहिल्याला एखाद्या साइटवर सूट द्यावी लागली तर तिथे दुसरं सांभाळून घेतं. आणि दुसऱ्याच्या ओळखीचा नसलेला कोणी नवा आला, तर पहिलं त्याला चालू देत नाही."

आमच्या सोसायटीत गेटवर वॉचमन आहे, तो नाव विचारल्याशिवाय कोणाला सोडत नाही. आणि पहिल्या मजल्यावर सखुबाई आहेत, त्या खिडकीत बसून कोण किती दारं वाजवतंय ते लक्षात ठेवतात. दोघं मिळून आजवर एकाही सेल्समनची डाळ शिजू दिलेली नाही. मी हे म्हटल्यावर रत्नदीप पहिल्यांदा हसला.

"एक्झॅक्टली. त्यामुळे कॉम्प्युटर सोडा मॅडम. तिथून काही गळणं शक्य नाही."

"मग माणसंच उरतात," मी म्हटलं. "आणि पुणं माहीत असलेला माणूस एकच."

त्याचं हसू गेलं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. मग काकांना पुणं सांगितलं तरी कोणी?

४

शहाडला मायाच्या माहेरी गेले तेव्हा ती शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होती. बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण चेहरा बंद.

"माया, मला सरळ सांग. तू बाबांना सांगितलंस?"

"तुम्ही शोधायला आलात ना? शोधा."

"नाही म्हणालीस तर माझं काम सोपं होईल."

"माझं होणार नाही," ती म्हणाली. "लपवायला नको म्हणून भांडले तेव्हा मी वाईट. मग सगळ्यांनी शब्द घेतला, मी दिला. त्यानंतर रोज बाबांच्या समोर बसून पेज भरवायची आणि सूज उतरतेय बाबा, असं म्हणायचं. कसं वाटतं माहितीय? आणि एवढं करून पहिलं बोट माझ्याकडेच. मी आता कोणाला काही सिद्ध करून देणार नाही."

तिचा राग मला पटला. पण रागानं केस सुटत नाही.

परत येताना वर्तकनगरला प्रफुल्ल कासारे यांना गाठलं. काकांचे शेजारी, जुने मित्र, संध्याकाळी दोघं मैदानाला फेऱ्या मारायचे. आजाराचं त्यांना शांताबाईंनीच सांगून ठेवलं होतं. मला पाहून ते आधीच हात हलवायला लागले.

"माझ्यावर नका घालू हां बाई. मी एक अक्षर नाही बोललो. उलट मीच टाळायला लागलेलो त्याला. तोंडातून निसटायचं म्हणून."

"तो रविवार यायच्या आधी ते वेगळे वागले कधी?"

"वेगळं म्हणजे..." त्यांनी डोकं खाजवलं. "एक दिवस आला आणि माझा मोबाईल मागितला. म्हणाला, पेपरवाल्यांचं ते शब्दकोडं उघड. तो रोज सोडवतो ना ते, कॉम्प्युटरवर. मी म्हटलं, घे सोडव. तर यानं एक शब्द भरला नाही. नुसता कोड्याच्या बाजूला बघत बसला."

"बाजूला काय होतं?"

"काय असणार? जाहिरात. घोडबंदरचे फ्लॅट. ते बघून हा मला म्हणतो, प्रफुल्ल, तुला फ्लॅट दिसतात होय? आणि उठून गेला."

शिवरामकाकांनी माझ्याआधीच तपास सुरू केला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्यांच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले. रत्नदीप मागे उभा, काका खिडकीजवळ खुर्चीत शाल घेऊन. शांताबाई दारात, माझ्या हातांवर नजर ठेवून.

आधी पेपरचं मुख्य पान उघडलं. स्वच्छ, एकही जाहिरात नाही. वर कोपऱ्यात दोन्ही टूल्सची छोटी चिन्हं रंगीत दिसत होती, म्हणजे पहाऱ्यावर. आणखी दोनचार साइट पाहिल्या. तिथेही तेच.

"बघा," रत्नदीप म्हणाला.

मग मी पुण्याच्या हॉस्पिटलची साइट उघडली. दोन्ही चिन्हं राखाडी झाली. बंद.

मी मागे वळून पाहिलं. रत्नदीप स्क्रीनजवळ वाकला. "फॉर्म जाईना. पहिलं बंद केलं, तरी जाईना. मग दुसरंही केलं. त्या एका साइटपुरतंच. पुढे फॉर्ममध्ये काय काय विचारायला लागले, म्हणून अर्धवटच सोडला. परत चालू करायचं राहून गेलं... पण मॅडम, तेवढ्यानं काही होत नाही! तिथे आमचं तोंड पाहिलं कोणी, तर पाहू दे. बाकी सगळीकडे पहारा आहे. ओळख पटणार कुठे?"

बरोबर होतं त्याचं. मागावरच्या माणसाला एकच चेहरा दोन ठिकाणी दिसावा लागतो, तेव्हा कुठे तो दोघांचा संबंध जोडतो. एका टोकाची फट पुरत नाही. दुसरी कुठेतरी हवी, आणि तिथेही दोन्ही टूल एकाच वेळी बंद हवीत. असा योगायोग कोण घडवणार?

मी शब्दकोड्याचं पान उघडायला गेले.

"ते ना, थांबा, मी दाखवते," शांताबाई पुढे आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज सैल झाला. "मध्ये ते दिसेनासंच झालेलं. नुसता पांढरा चौकोन. हे किती हिरमुसले! सकाळचा तेवढाच विरंगुळा यांना. रत्नदीपला सांगू म्हटलं तर तो कामात, माया शिकवणीला. मग मीच केलं सुरू. त्यात मराठीत लिहिलेलं असतं, कोडं दिसायला हे बंद करा. वर कोपऱ्यातलं ते चिन्ह दाबलं. नाही झालं. मग शेजारचं पण दाबलं. लगेच आलं!"

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. दोन महिन्यांत त्या घरात कोणी हसलं असेल तर ते तेव्हा. मला वाटलं, आपण इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं.

कोड्याचं पान उघडलं. दोन्ही चिन्हं राखाडी. आणि उजव्या बाजूला एक सुबक इंग्रजी जाहिरात, निळ्या कोटातला डॉक्टर हसत उभा. तिचा अर्थ असा: तुमची नोंदणी अर्धवट राहिली आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पुण्यात तज्ज्ञांना भेटा.

रत्नदीपनं कपाळावर हात मारला.

शांताबाईंना इंग्रजी येत नव्हतं. "काय झालं?" त्या विचारत होत्या. "काय झालं रे?"

"शांता, यांना चहा ठेव," खिडकीजवळून काका म्हणाले. त्या आत गेल्यावर ते हलकेच माझ्याकडे वळले. "सापडलं ना तुम्हाला?"

६

"कुकी पुसायला हव्या होत्या मी," रत्नदीप पुटपुटत होता. "हिस्टरी पुसली, त्या ठेवल्या. कारण त्या काढल्या की बाबांचं कोड्यावरचं लॉगिन जातं, सोडवलेली कोडी दिसत नाहीत. बाबांना वाईट वाटेल म्हणून ठेवल्या."

"तू गप रे," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं, सगळ्यांनाच दिसत असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. म्हणून प्रफुल्लकडे गेलो. त्याला फ्लॅट आणि मला पुणं. तेव्हा समजलं की ही जाहिरात माझ्याच घरातल्या कोणाच्या तरी मागून आलीय. मग सूज, अमृताची सर्दी, डॉक्टरांचं नजर चुकवणं, सगळं आपोआप जुळलं."

"आणि काकू?"

"माझे हात थरथरतात. मी शब्द सांगतो, ती शेजारी बसून अक्षरं भरते. एकदा तिनं विचारलं, हे कसलं हो रोज रोज? म्हटलं, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आहे. ती म्हणाली, मागवू का तुमच्यासाठी?"

ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ती त्यांच्यापासून लपवत होती आणि ते तिच्यापासून, एकाच स्क्रीनसमोर खुर्चीला खुर्ची लावून.

मला कळवळा आला, तसा रागही आला. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले. "मग मायाला का जाऊ दिलंत? कॉम्प्युटरवर दिसलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं."

"बोललो असतो तर रत्नदीपनं तिथल्या तिथे शोधून काढलं असतं, कोणी काय दाबलं ते. शांतानं दाबलं ते मी पाहत होतो. माझ्यासाठी दाबलं तिनं." त्यांनी शाल घट्ट ओढली. "मला वाटलं, मी म्हटलं ना, तिनं नाही सांगितलं. घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द आहे, पुरेल. नाही पुरला. आजारी माणसाचं बोलणं सगळे नुसतं ऐकून घेतात. रोज वाटायचं, आज सांगू. मग ती कोड्याला येऊन बसायची आणि माझी हिंमत व्हायची नाही. पोरीवर अन्याय केला मी. बायकोला वाचवायला सुनेचा बळी दिला."

आतून कपांचा आवाज आला. ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काहीतरी दुसरं कारण सांगा हिला. मशीन बिघडलं म्हणा. तिला सहन नाही व्हायचं."

"काका, तुमच्या बाबतीतही घरच्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढून घेतली नाही. लग्नाच्या चौकश्यांमध्ये मी कित्येकांना गोड खोटं सांगून मोकळी झालेय. इथे मला ते जमलं नसतं. शहाडला एक पोर पेपर तपासत बसली होती.

शांताबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. काकांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली, कोड्याच्या वेळी त्या बसायच्या ती.

"शांता, चहा राहू दे. इथे बस. मला कसं कळलं ते सांगतो."

मी आणि रत्नदीप बाहेर गॅलरीत गेलो. आतून काकांचा संथ आवाज येत होता, नंतर तो थांबला. मग शांताबाई बाहेर आल्या आणि रत्नदीपला म्हणाल्या, "गाडी बोलाव. शहाडला जायचंय."

७

शहाडला जाताना शांताबाईंनी मला बरोबर यायला लावलं. "मी काही चुकीचं बोलले तर तुम्ही सांभाळा," म्हणाल्या. वाटेत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकत होत्या, माझं चुकलं, मला माफ कर. शाळेतल्या मुलीनं पाठांतर करावं तसं. रत्नदीप पुढच्या सीटवर बसून होता, एकदाही मागे वळला नाही.

मायानं दार उघडलं. शांताबाई उंबऱ्यातच थांबल्या. पाणी आलं, त्यांनी घेतलं नाही. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. मी वाट बघत होते आता माफीची वाक्यं येतील म्हणून. पण पाठ केलेलं सगळं त्या विसरल्या असाव्यात.

"माया," त्या म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस का गं ह्यांना?"

मी दचकले. या बाईला एवढं कळूनही संशय उरलाय का, असं क्षणभर वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्या खरंच विचारत होत्या. त्या रविवारी त्यांनी ओरडण्याऐवजी जे विचारायला हवं होतं, ते आज शहाडला येऊन विचारत होत्या.

मला जे तिनं दिलं नव्हतं ते उत्तर तिनं सासूला दिलं.

"नाही, आई. सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पण नाही सांगितलं. तुम्हाला शब्द दिला होता."

आणि ती रडली. शांताबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्याही रडल्या. या दोघींमध्ये माझं काही काम नव्हतं, म्हणून मी चप्पल घालून बाहेर आले.

रत्नदीप जिन्यातच उभा होता. त्यानं दोन टूल लावली, ती कशी काम करतात ते मला समजावून सांगितलं, माझ्यासारखीला शोधून आणलं. बायकोला एक प्रश्न विचारणं तेवढं त्याच्याकडून राहून गेलं होतं, आणि ते त्यालाही आता कळलं होतं. माया बॅग घेऊन खाली आली तेव्हा तो ती घ्यायला पुढे झाला.

तिनं बॅग दिली नाही. "मी बाबांसाठी येतेय," ती म्हणाली आणि सासूचा हात धरून गाडीत बसली.